पापणी जाळून पाहणाऱ्या मॅडम

नवरी खुर्चीत बसली की आमच्या मॅडम आधी काडी ओढायच्या. नवीन माणूस दचकायचंच. नवरीच्या तोंडाला फाउंडेशन लागलेलं, केसांत पिना खोचलेल्या, बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवून वाजवून थकलेला, आणि ही बाई जळती काडी घेऊन उभी. दुसऱ्या हातातल्या चिमट्यात नकली पापणीचा एवढासा तुकडा. तो ज्योतीला लावायचा, फुंकर मारायची, नाकाशी न्यायचा, डोळे मिटून वास घ्यायचा. मग नवरीच्या आईच्या नाकाशी. मग नवरी "राहू द्या ना मॅडम" म्हणत असली तरी तिच्याही.

"कायचा वास आला?"

"प्लास्टिकचा."

"केसाचा नाही ना आला? पक्कं?"

"पक्कं, मॅडम."

"मंग ठीक. यात कोणाचा जीव नाही. मीट आता डोळे."

हे सगळं मी प्लायवूडच्या अलीकडून ऐकायचे. भंडाऱ्याच्या बसस्टँडवरून बाजाराकडे यायला लागलं, की पितळी भांड्यांची दुकानं सुरू व्हायच्या आधी एक गाळा लागतो. मूळ गाळा एकच. घरमालकानं मधोमध प्लाय ठोकून दोन भाडेकरू बसवले. अलीकडे माझं ब्लाऊज शिवायचं दुकान, पलीकडे त्यांचं पार्लर. त्यांचा हेअर स्प्रे मला खोकवायचा, माझ्या मशीनची खडखड त्यांचं डोकं उठवायची, आणि कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची सून रुसली, हे दोन्ही दुकानांत बरोबरच कळायचं.

'आमच्या' मॅडम म्हणतेय खरी, पण पहिल्याच दिवशी आमचं वाजलं होतं. त्या ओळख करून घ्यायला आल्या, आणि ओळख राहिली बाजूला, हँगरला लटकवलेल्या एका रेशमी ब्लाऊजवर बोट ठेवून विचारलं, "हा कोसा आहे?"

"हाव. असातसा नाही, आंधळगावचा आहे," मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"याच्यासाठी किती अळ्या उकळल्या असतील?"

माझं गिऱ्हाईक समोर उभं! माझं टाळकंच सणकलं. म्हटलं, "मॅडम, मी ब्लाऊज शिवते, अळ्या नाही शिवत." त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आपण होऊन चहा घेऊन आल्या आणि स्टुलावर बसून सांगायला लागल्या, की त्यांची माय मोहाडीकडे मजुरीनं कोसा काढायची. मांडीवर घासून घासून सूत काढायची, मांडीची सालटी निघायची. "माय कोसे उकळत्या पाण्यात टाके. मी लहान होती. मी विचारलं, माय, यात कोणी आहे का? माय म्हणे, होतं." एवढं बोलून त्यांनी चहा संपवला आणि कप उचलून गेल्या. त्यानंतर त्यांच्याशी भांडण झालं तरी मला ते धरून ठेवता यायचं नाही.

दिसायला म्हणाल तर पार्लरवाली वाटायच्याच नाहीत. सुती साडी, तेल लावून घट्ट वेणी, अर्धे केस पांढरे. मी म्हणायचे, "अवं मॅडम, निदान डाय तरी करा, लोक तुमच्याकडे पाहून पार्लरमध्ये येतात." तर म्हणायच्या, "मले पाहून कोणी येत नाही. मी ज्याईले सजवते त्याईले पाहून येते." आणि ते खरं होतं. हात असा, की सावळ्या पोरीला गोरी न करता देखणी करायच्या. त्यांच्या स्वतःच्या पापण्या मात्र अगदी विरळ, असून नसल्यासारख्या.

दर पौर्णिमेला विहारात जायच्या, सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायच्या. म्हणणारे पुष्कळ असतात. मॅडमची खोड अशी, की तोंडातून एकदा निघालं की ते दुकानातही लागू. "सकाळी म्हणायचं की जीव घेणार नाही, अन् दुपारी पोरीच्या डोळ्यावर कोण्या जनावराचं सोलून काढलेलं चिकटवायचं. हे नाही बाप्पा आपल्याच्यानं होत." मी म्हणायचे, "तुम्ही कुठं सोलायला गेल्या होत्या?" तर तोंड फिरवून बसायच्या. पुन्हा बोलायला लावायला मला भजी मागवावी लागायची.

दुसरी खोड म्हणजे 'कशावरून?' हा प्रश्न. भाजीवाला म्हणाला, ताजी आहे, की कशावरून? कंडक्टर म्हणाला, गाडी आता सुटते, की कशावरून? एकदा डॉक्टरांनी बीपी वाढलंय सांगितलं, तर यांनी त्यांना मशीन आधी स्वतःच्या हाताला लावायला लावलं. डॉक्टरांचंही वाढलेलं निघालं. त्या आठवड्यात मॅडम ही गोष्ट ज्याला त्याला सांगत होत्या.

नागपूरहून एक सेल्समन यायचा. गुळगुळीत बोलायचा. त्यानं एकदा मिंकच्या पापण्या आणल्या. हात लावला तर लोण्यासारख्या मऊ. तो म्हणाला, "मॅडम, बिलकुल क्रुएल्टी-फ्री आहे. मिंक नावाचा प्राणी असतो, त्याला मारत नाहीत. मोकळा सोडलेला असतो. प्रेमानं कंगवा फिरवतात, जे केस गळतात ते घेतात."

"कशावरून?"

"डब्यावर लिहिलंय ना मॅडम!"

मॅडमनी डबा ठेवून घेतला आणि त्याला पुढच्या वेळी यायला सांगितलं. घरमालकाची एक मांजर आमच्या दोन्ही दुकानांत हक्कानं हिंडायची, मॅडमच्या हातची पोळी खायची. मॅडमनी बारीक दातांचा कंगवा घेतला आणि रोज दुपारी त्या मांजरीला विंचरायला सुरुवात केली. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. मांजर दोन दिवस लाडात आली, तिसऱ्या दिवशी तिनं मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं. सेल्समन आला तेव्हा मॅडमनी त्याच्यासमोर कागदाची पुडी सोडली. आत नुसता भुरा कापूस. "हे पाहा दादा, विंचरलं का असं निघते. एक केस लांब, एक आखूड, टोक नाही, आकार नाही. तुमच्या डब्यातले सगळे एका मापाचे कसे काय?" मग हात पुढे केला. "अन् ही माझ्या हातची पोळी खाणारी. तुमचं ते मिंक तर मुंगसावानी असते म्हणे. ते बसते का प्रेमानं विंचरून घ्याले?" त्या माणसानं डबा उचलला तो पुन्हा आमच्या लाईनीत दिसला नाही.

दुसऱ्या एकाकडून सिल्कच्या पापण्या आल्या तेव्हा तर गंमतच. डब्यावर सिल्क, काडी लावली तर वास प्लास्टिकचा. मी म्हटलं, "बरं झालं ना, कोसा नाही निघाला. घ्या आता." त्यांनी परत केल्या. म्हणे, खरं सिल्क असतं तर जीव गेला असता, आणि नाही तर हा माणूस खोटं बोलला, मग त्याच्या बाकीच्या डब्यांवर भरवसा कसा ठेवायचा?

डब्यांवरचे ससे हाही एक विषय. प्राण्यांवर तपासलेलं नाही याची खूण म्हणून ससा छापलेला असतो. मॅडमनी डबे जमवून ससे शेजारी शेजारी ठेवले. एक उडी मारणारा, एक बसलेला, एकाचे कान गुलाबी. "ससा छापाले काय लागते? आपला पत्रिकावाला गणपती छापते, बुद्ध छापते, ससाही छापून देईन." मग फोन लावायच्या, हा ससा तुम्हाला कोणी दिला म्हणून. पलीकडचं माणूस बिचारं हिंदीतून इंग्रजीत जायचं, इंग्रजीतून गप्प व्हायचं. शेवटी नागपूरच्या एका ठोक दुकानदाराकडे त्यांना पाहिजे तसा माल मिळाला. नकली धाग्याच्या पापण्या, सुती पट्टी, आणि ज्याची चौकशी केल्यावर खरंच कोणीतरी उत्तर दिलं असा ससा. काही वर्षं त्याच डब्यावर त्यांचं काम चाललं.

तरीही काडी सुटली नाही. नकली पापणीची पट्टी डोळ्याला लावून पाहतात, आणि लांब होते म्हणून बाहेरच्या कोपऱ्यातून थोडी कापतात. ते कापलेलं टोक फेकायचंच असतं. मॅडम तेच जाळायच्या. चांगली पट्टी खराब होत नाही आणि खात्रीही होते. इतकं सोपं काम, की त्यात कुठं चूक असेल असं माझ्याही डोक्यात आलं नाही.

मग ती सिहोऱ्याची पोरगी आली.

लग्न ठरलेलं, सोबत आई. आई आल्या आल्या माझ्या दुकानात शिरली आणि डोळ्यांना पदर लावून सांगायला लागली, की घरी म्हैस आहे, आणि ही पोट्टी काळा चहा पिते. दूध नाही, दही नाही, तूप नाही. मी विचारलं, डायट करते का? "नाही वं बाई. कॉलेजात गेली, मोबाईल पाहिला, अन् म्हणते मी व्हिगन आहे. सासरच्याईनं ऐकून घेतलं, पण हासून. लग्न झालं का विसरते म्हणे." पोरगी तोवर पलीकडे गेली होती. काडी ओढल्याचा आवाज आला. नेहमी यानंतर पोरी हसतात. ही हसली नाही. वास घेतला आणि म्हणाली, "मॅडम, पापणी ठीक आहे. ग्लूमध्ये काय आहे?"

 मी मशीनवरचा पाय काढला.

"ग्लूमध्ये?" मॅडम म्हणाल्या.

"काही ग्लूमध्ये दुधातलं टाकतात. मस्काऱ्यात मधमाशीचं मेण राहते."

"पण याच्यावर ससा आहे."

"ससा आहे म्हणजे सशाच्या डोळ्यात टाकून पाहिलं नाही, तेवढंच. आत जनावराचं काही नाही, असं नाही होत त्यानं."

"अन् आत काही नसलं तर?"

"तर सशावर तपासलं असू शकते. दोन्ही वेगळं वेगळं पाहा लागते."

"माय वं!" मॅडम म्हणाल्या, आणि पुढं काय बोलल्या असतील? "बस. चहा घे. काळा."

उभ्या जन्मात त्यांना पहिल्यांदाच कोणी उलट विचारणारं भेटलं होतं. काय आनंद झाला म्हणून सांगू! जाता जाता पोरगी एवढंच म्हणाली, "घरी मले सगळे पागल समजतात, मॅडम." मॅडम म्हणाल्या, "मले बाजारात समजतात. काही होत नाही." त्यानंतर कितीतरी दिवस पलीकडून फोनच ऐकू यायचे. "भाऊ, तुमच्या ग्लूमध्ये दूध आहे का?" पलीकडचा म्हणाला असेल, मॅडम हे खायचं नसतं. "मले माहीत आहे बाप्पा, खायचं नसते. तुमी टाकलं का नाही टाकलं, तेवढं सांगा." शेवटी एक ग्लू मिळाला. त्या दिवशी मॅडमनी पोरीला फोन करून डब्यावरचं सगळं वाचून दाखवलं, एकेक अक्षर लावत. मध्येच काही दिवस दुधाचा चहाही सोडला. पण त्यांचं डोकं दुखायला लागलं, आणि परत धरला. तेही पोरीला फोन करून सांगितलं. "मले नाही जमलं. जे नाही जमत ते जमते म्हणून नाही सांगणार."

लग्नाला आम्ही दोघीही गेलो. साकोलीकडच्या सासरहून कोशाची साडी आली होती, सासूनं स्वतः निवडलेली. पोरीनं हात जोडून परत केली आणि मी शिवलेल्या ब्लाऊजवर सुती साडी नेसली. मांडवात कुजबुज चालली होती. मॅडमनी सगळ्यांसमोर काडी ओढली, कोपरा जाळला, वास दिला, आणि नेहमीसारखं म्हणाल्या, यात कोणाचा जीव नाही. पोरीचे डोळे भरून आले. मॅडम खेकसल्या, "रडू नको, ग्लू सुटते. एवढे फोन करून आणला आहे." मीही डोळे पुसले. इतकी साधी आणि इतकी सुंदर नवरी मी दुसरी पाहिली नाही.

नंतर सीझन संपत आला आणि वरठीची एक नवरी आली, कारखान्यातल्या कामगाराची मुलगी. तिचे डोळे एवढे मोठे, की पट्टी लावून पाहिली तर बरोबर बसली. कापायचं काही उरलंच नाही. आता जाळायचं काय? मॅडमनी चिमट्यानं पट्टीच्या मधला एकच केस उपटला आणि ज्योतीला लावला.

वास प्लायच्या अलीकडे माझ्यापर्यंत आला नाही. पण पलीकडची बोलणी थांबली, ती थांबलीच. त्यांनी त्या मुलीला पापण्याच लावल्या नाहीत. काजळावर तयार करून पाठवलं. मग शटर अर्धं ओढून मला हाक मारली. टेबलावर त्या खेपेचे सगळे डबे उघडे. टोकाकडचे केस जाळले की गोळी व्हायची, प्लास्टिकचा वास. मधले जाळले की भुर्रकन उडून जायचे आणि डोक्याचा केस चुलीत पडावा तसा वास. प्रत्येक डब्यात तेच. डबा जुनाच, ससाही तोच.

"वास घे, बाई," त्या म्हणाल्या.

"घेतला."

"कायचा आहे?"

मी डबे मिटायला लागले. त्यांनीच सांगितलं.

ठोक दुकानदार शपथा घेऊन सांगत होता की मला माहीत नाही, वरून जो माल आला तो दिला. खरंही असेल. मॅडमला त्याचं काही पडलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच, की त्या खेपेतल्या प्रत्येक नवरीला आपण तोंडानं सांगितलं की यात जीव नाही. एकेकीला फोन लावायला बसल्या. मी अडवलं. म्हटलं, कशाला उकरता? लग्नं झाली, फोटो निघाले. त्यांनी लावलेच. आणि पोरी हसल्या हो! "जाऊ द्या ना मॅडम, तेव्हाच म्हटलं एवढ्या भारी कशा दिसून राहिल्या." एकीनं तर त्याच पाहिजेत म्हणून विचारलं. मॅडम फोन ठेवून म्हणायच्या, "हिले काहीच नाही वाटलं." 

सिहोऱ्याच्या पोरीच्या पापण्याही त्याच खेपेतल्या, पण तिला मात्र फोन केला नाही. तिच्या तोंडासमोर सांगायचं म्हणाल्या. मीही सोबत निघाले. साकोलीच्या गाडीत मी त्यांना परत परत बजावत होते, की मॅडम, तिला आत घ्या, एकटीला सांगा, घरात माणसं असतात. "हाव, हाव," त्या म्हणत होत्या, पदराच्या टोकाला गाठी मारत होत्या.

घरी गेलो तर पाहुण्या बसलेल्या. कुणाचं तरी डोहाळजेवण ठरवायचं चाललं होतं. सासू, तिच्या बहिणी, शेजारणी. पोरगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि आम्हाला पाहून तिचा चेहरा असा उजळला, की तो मला आता आठवू नये वाटतं. सासू तशी वाईट बाई नव्हती. हसून म्हणाली, "या मॅडम! आज कशा काय आल्या?"

आणि मॅडमनी सांगितलं. तिथंच, सगळ्यांच्या मध्ये, उभ्या उभ्या. कोपरा प्लास्टिकचा, मधले जनावराचे, मी मधला जाळला नाही, मी खोटं बोलली, मले माफ कर पोरी.

आधी कुणाला समजलंच नाही. मग सासूची बहीण हसली. मग सासूही हसली, पण तिच्या हसण्यात ती परत आलेली साडी होती. "म्हणजे आमच्या कोशानं पाप लागत होतं, अन् डोळ्यावर जनावराचे केस चालत होते? चाल बाई, झाली फिटाफिट." बायका पोट धरधरून हसल्या. कुणीतरी म्हणालं, आता दुधाचाच चहा पी म्हणा हिले. पोरगी ट्रे धरून उभी होती. ती मॅडमकडे बघत होती, आणि मॅडमना तिच्याकडे बघवत नव्हतं. मग तिनं सगळ्यांना एकेक कप दिला आणि आत गेली. परत बाहेर आली नाही.

गाडीत बसल्यावर मी फुटलेच. "तिला आत बोलवून सांगता येत नव्हतं का हो?"

"तिच्या सासूनं विचारलं, कशा आल्या म्हणून."

"मग?"

"मंग काय सांगू? खोटं सांगू?"

"म्हणायचं, सहज आलो."

"सहज नव्हतो ना आलो, बाई."

लाखनी मागे पडली. मग त्या म्हणाल्या, "ते एकटी होती त्या घरात. तिच्यापाशी तेवढंच होतं, अन् ते मी सगळ्याईच्या समोर काढून घेतलं." मी रागात होते, तरी त्यांचा हात धरला. 

पुढं पोरीचा फोन आला होता, एकदाच. काय बोलली ते मॅडमनी सांगितलं नाही, आणि प्लायच्या पलीकडून फक्त 'हाव' आणि 'समजलं' एवढंच ऐकू आलं. त्या दिवसापासून त्यांनी पापण्या लावणं बंद केलं. मी म्हटलं, दुसरा माल पाहा, मधला केस जाळून पाहा, आता तर युक्ती कळली. त्या म्हणाल्या, "मधला जाळला तरी बाजूचा राहतेच ना. सगळे जाळले तर लावू काय?" आजकालच्या नवरी पोरींना पापण्यांशिवाय चालत नाही. पोरी दुसऱ्या पार्लरला जायला लागल्या. मॅडम भुवया करत राहिल्या, केस कापत राहिल्या, आणि मग त्यांचा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. पोट्टे दिवसभर गाणी लावतात. मी प्लायवर हात आपटते, तर अजूनच मोठं करतात.

गेल्या आठवड्यात ती पोरगी माझ्याकडे आली. मी आधी ओळखलंच नाही. अंगानं भरलेली, हातात हिरव्या बांगड्या, नवरा बाहेर गाडीवर. पिशवीतून ब्लाऊज पीस काढून माझ्या टेबलावर ठेवला. कोसा. तोही चांगला, जाड, मधाच्या रंगाचा. मी त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग तिच्याकडे.

"सासूबाईनं घेतला, काकू. दिराचं लग्न आहे."

"तू नेसणार?"

"नेसते ना. मागेही नेसली होती."

विचारू नये ते मी विचारलं. "अन् ते तुझं, व्हिगन?"

"ते होय?" ती हसली. राग नाही, दुःख नाही, काहीच नाही त्या हसण्यात. "आता मी काही विचारतच नाही, काकू. ज्यानं जे दिलं ते घ्यायचं. लय सोपं जाते."

मी टेप घेतली. बाही किती, गळा किती, पाठीला बटण की नाडी. ती भराभरा सांगत होती. मॅडम कुठं असतात, एवढंही तिनं विचारलं नाही. मी मान खाली घालून मापं घेत राहिले, आणि दोन वेळा चुकीचं लिहिलं.

रविवारी मॅडमचा फोन असतो. सून काय म्हणते, फ्लॅटमध्ये कोंडल्यासारखं होतं, पाणी चढत नाही, हे सगळं आधी. मग शेवटी, दर वेळी शेवटीच, आवाज बारीक करून विचारतात, "ते पोट्टी दिसते का वं कधी?" आजवर मी नाही म्हणत आले, आणि ते खरंच होतं. या रविवारी तिचं ब्लाऊज माझ्या हातात होतं, बाहीला अस्तर लावत होते.

"दिसली ना," मी म्हटलं. "परवाच आली होती."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"कशी आहे?"

"तशीच आहे, मॅडम. तशीच हट्टी. काळा चहा पिते. सुती ब्लाऊज शिवायला टाकलं, आणि मला म्हणते, काकू, बटणं कशाची आहेत ते आधी दाखवा."

"बटणं?"

"हाव. शिंपल्याची तर नाहीत ना म्हणते."

मॅडम हसायला लागल्या. "शिंपल्याची! पाहा, हे माझ्या ध्यानातच नव्हतं आलं!" मग कितीतरी वेळ बोलत राहिल्या, बटणं कशाकशाची असतात, जुन्या काळी कशाची असायची, कशी ओळखायची, तिला दाखवताना मी काय काय सांगायचं. साकोलीहून आल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मी फोन कानाशी धरून हूं हूं करत होते, आणि मांडीवरचा कोसा माझ्या डोळ्यांच्या पाण्यानं डागू नये म्हणून हातानं बाजूला सारत होते.